आईचे दूध आणि नदीकाठची बहीण

वचन : निर्गम 2:1-10



ह्या अध्यायातील आई दास्यात आहे, आणि तिच्या तान्ह्यावर राजाज्ञेची तलवार टांगलेली आहे. तरी मोशे अखेर तिच्याच अंगावर वाढला. इतकेच नव्हे, तर त्याला पाजण्याबद्दल राजकन्येने तिला वेतनही दिले. हे कोणाच्या द्वारे घडले? बाळाच्या बहिणीच्या. ती नदीकाठी पहारा करीत राहिली आणि वेळ येताच धैर्याने बोलली. दूध आईजवळ होते. बाळ व आई ह्यांची गाठ घालून देणारे कोणी तरी हवे होते.

अशी बहीण सर्वांस लाभली नाही. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळी पुष्कळ कृष्णवर्णी मातांना धन्याची मुले पाजावी लागत, आणि त्यांची स्वतःची बाळे वंचित राहत. गुलामगिरी 1865 साली संपली. तरी आजही त्या समाजात अंगावर पाजण्याचे प्रमाण कमी आहे. बाळंतिणीला लवकर कामावर परतावे लागणे, हे त्याचे एक कारण.

हे दुःख आपल्या दाराशीही आहे. 2017 सालच्या कायद्याने नोकरदार मातेस पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा ठरली. परंतु उल्हासनगरात नगावर कपडे शिवणारी, अंबरनाथ-बदलापुरात रोजंदारीवर जाणारी बहीण ही रजा कोणाकडे मागणार? तिची चूल तिला घरी बसू देत नाही.

तर मंडळीने काय करावे? वडीलधाऱ्या स्त्रियांनी सांगावे की, जन्मानंतर तासाभरात बाळास पाजावे. पहिला चीक फेकू नये. सहा महिने मध, घुटी, पाणीही देऊ नये. शेजारणींनी तिचे पाणी भरावे, थोरले मूल सांभाळावे. पुरुषांनी मुकादमाकडे तिच्यासाठी शब्द टाकावा. उपासनेत बाळ रडले तर कोणी कपाळाला आठी घालू नये. तिला पाजावयास जागा द्यावी.

जिला दूध येत नाही तिला दोष देऊ नका. दवाखान्यात सोबत न्या. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 साली मातृदुग्धपेढी निघाली. तेथे परक्या मातांच्या दुधाने अशक्त अर्भके जगली आहेत.

प्रियहो, नदीकाठच्या त्या मुलीजवळ धन नव्हते, अधिकार नव्हता. ती केवळ तेथून हलली नाही. तुमच्या वस्तीत ह्या आठवड्यात कोण बाळंत झाली आहे? तिच्या दारी जा. प्रभू तुम्हांस तशी दृष्टी व तसे धैर्य देवो. आमेन.