तो फुटवा आधी काप

फोटो पाहिले. टोरांटोच्या अंगणात तू वीपिंग बर्च लावलास, ‘यंगी’ जातीचा, आणि वर कौतुकाने लिहितोस, ‘सर, एक फांदी अखेर सरळ वर निघाली!’ अरे, माझ्या हाताखाली कलमं बांधायला शिकलास ना तू? मग कलमाची गाठ कुठे आहे आणि फांदी कुठून फुटली, एवढंही पाहता आलं नाही?

या झाडाला मधला शेंडाच नसतो. साध्या बर्चच्या उंच खुंटावर, डोक्याशी कलम बांधतात. तिथून फांद्या खाली उतरतात आणि घुमट तयार होतो. तुझी ती सरळ फांदी गाठीच्या चांगली हातभर खालून आली आहे. तो खुंटाचा फुटवा आहे. राहू दिलास तर वरच्या कलमाचा सगळा जोर तोच ओढून घेईल. कोवळा असताना अंगठ्याने खुडला असतास तर काम झालं असतं. आता खोडालगत साफ काप, आजच.

बाकी फांद्यांना मात्र हात लावू नकोस. एप्रिलमध्ये कात्री चालवलीस, म्हणून जखमांतून रस ठिबकत राहिला. बर्चची छाटणी पानगळ झाल्यावर करायची, रस चढत असताना नाही.

आणि ते पांढरे गोटे कोणी सुचवले? युरोपपासून सायबेरियापर्यंत वाढणारं थंड मुलखातलं झाड हे. डोक्यावर ऊन चालतं, पण मुळं अगदी वरच्या थरात असतात, त्यांना गारवा आणि ओल लागते. तू त्यांना दक्षिणेच्या भिंतीशी, तापलेल्या दगडांखाली भाजतोयस. रोज पाच मिनिटं फवारा मारून मातीचा नुसता पापुद्रा भिजतो, मुळांपर्यंत फारसं काही जात नाही. गोटे उचल. लाकडाच्या तुकड्यांचं तीन-चार इंच आच्छादन घाल, बुंध्याला न टेकवता. पाऊस नसेल तर आठवड्याला एकदा, सावकाश, खोलवर पाणी दे.

शेंड्याकडची पानं वाळायला लागली आहेत, ते मला सगळ्यात जास्त खुपतंय. तिकडे ब्रॉन्झ बर्च बोरर नावाचा भुंगेरा आहे. तहानलेल्या, दुबळ्या बर्चवर तो जास्त करून अंडी घालतो. अळ्या सालीखाली पोखरतात आणि झाड वरून वाळत येतं. सालीवर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी बारीक भोकं आहेत का, ते शोध.

रविवारपर्यंत खोडाचे चारही बाजूंनी, जवळून काढलेले फोटो पाठव. वेळ मिळाला नाही, हे मला ऐकायचं नाही.