पानवेल आणि प्लॅस्टिक

गोदावरीचा पूर ओसरला म्हणजे सायखेड्याच्या पुलापाशी पानवेलींचा ढीग अडकलेला दिसतो; त्यातच प्लॅस्टिकच्या पिशव्या नि बाटल्याही गुंतलेल्या असतात. पानवेल लवकरच कुजून मातीस मिळते. प्लॅस्टिक मात्र तसेच राहते. परंतु आता शास्त्रज्ञ वनस्पतींतील सेल्युलोजचे, केसाहून हजारपट बारीक असे तंतू काढून यंत्रोपयोगी प्लॅस्टिकात मिसळू लागले आहेत. वजनाने पोलादाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके हे तंतू त्यास मोठी बळकटी देतात. २०१९ साली टोकियोच्या मोटार-प्रदर्शनात अशा द्रव्याचे भाग वापरलेली गाडी मांडली होती. आपल्याकडेही माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून असे तंतू काढण्याचे प्रयोग झाले आहेत.

मग असे प्लॅस्टिक निर्दोष झाले, असे मानावे काय? आमच्या मते नाही. गाडी हलकी होते, इंधन वाचते, हा लाभ खराच. तो नाकारणे दुराग्रहाचे होईल. तथापि तंतू एकदा प्लॅस्टिकात जखडला म्हणजे त्याचे कुजणे जवळजवळ थांबते. सज्जनाच्या संगतीने दुर्जन सुधारला नाही. उलट सज्जनच बंदिवान झाला! मातीचे जे ऋण पानवेल आपण होऊन फेडते, ते येथे थकून राहते. म्हणून ‘वनस्पतिजन्य’ या नावाचे पुण्य पदरात पाडून घेण्यापूर्वी कारखानदाराने एवढेच सांगावे, की वस्तू निकामी झाल्यावर ती परत कोण घेणार? याचे उत्तर नसेल, तर पुढल्या एखाद्या पुरानंतर तिचेच तुकडे त्या पुलापाशी सापडतील. आणि तेव्हा त्यांतील पानवेल कोणती व प्लॅस्टिक कोणते, हे निवडणेही आपल्या हाती उरणार नाही.