ग्रीक ज्ञानी आणि पुंडलिकाची वीट

गेल्या आषाढीस आमच्या दिंडीचा विणेकरी आला नाही. चोवीस वर्षांची वारी, एकदाही खंड पडलेला नाही; पण आई अंथरुणाला खिळलेली, तिचे उठवणे-बसवणे सारे त्याच्याच हाती. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालून तो घरी राहिला. पंढरीहून परतल्यावर आम्ही भेटायला गेलो, तर म्हणाला, "महाराज, माझी वारी चुकली हो." आम्ही पुंडलिकाचे नाव घेतले. पुंडलिकाचे नाव काय, अशा वेळी कोणीही घेतो. त्याचे समाधान झाले नाही. त्याला खरे विचारायचे होते ते असे : ज्याचे मन एकदा देवाकडे लागले, त्याला मागे ओढणारी ही सेवा म्हणजे वाट, की वाटेतला धोंडा?

या प्रश्नावर विचार करताना आम्हांला ज्याची आठवण झाली तो आपला संत नव्हे. आपल्या देशातलाही नव्हे. त्याचे नाव प्लोटिनस. इ. स. २०५ च्या सुमारास इजिप्तमध्ये जन्मला, पुढे रोम शहरात राहून शिकवू लागला आणि २७० साली वारला. नाव कानाला नवखे आहे खरे, पण वाचकांनी थोडा धीर धरावा.

हा गृहस्थ अठ्ठाविसाव्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या ओढीने अलेक्झांड्रियात गुरू शोधीत हिंडला. एकही मनास येईना. अखेर अमोनियस नावाच्या गुरूचे बोलणे ऐकले आणि तिथेच अकरा वर्षे राहिला. पुढे इराणातले आणि हिंदुस्थानातले ज्ञान प्रत्यक्ष पाहावे म्हणून वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गॉर्डियन बादशहाच्या फौजेबरोबर पूर्वेकडे निघाला. २४४ साली मेसोपोटेमियात बादशहाच मेला, फौज फुटली, आणि हा कसाबसा जीव वाचवून अँटिओक गावी परतला. आमची काही विद्वान मंडळी म्हणतात की त्याने सारे आपल्या उपनिषदांतून उचलले. एमील ब्रेहिए या फ्रेंच पंडितानेही तसा तर्क केला होता. पण प्लोटिनस आपल्याकडे पोहोचलाच नाही, ही गोष्ट विसरू नये. सत्य एकाच गावच्या विहिरीला लागते असे थोडेच आहे?

त्याची शिकवण थोडक्यात अशी. सर्वांच्या मुळाशी 'एक' आहे. त्याला 'आहे' म्हणणेही उणे पडते, इतके ते पलीकडचे. सूर्यातून प्रकाश बाहेर पडतो, पण सूर्य काही कमी होत नाही; तसे त्या एकातून प्रथम बुद्धितत्त्व, बुद्धीतून जीवतत्त्व, आणि जीवातून हे दृश्य जग प्रकटले. जो जीव खाली आला, त्याने बाहेरचे सोडून आत वळावे आणि पायरी पायरीने मूळ स्थानी परतावे. ज्ञानोबारायांनी 'अमृतानुभवा'त जगाला अज्ञानाचे कार्य न म्हणता चैतन्याचा विलास म्हटले. ते वाचलेल्याला इथे ओळखीचा वास येईल. दोन्ही एकच आहेत असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्या काळी काही पंथ सांगत की हे जग दुष्टाने घडविले, तेव्हा त्याचा तिरस्कारच करावा. प्लोटिनसने त्यांच्याविरुद्ध एक सबंध ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की जगाची निंदा केल्याने कोणी चांगला होत नाही, आणि अंगी सद्गुण नसताना देव देव करणे हा पोकळ शब्द आहे. हे आमच्या कीर्तनकारांनीही ऐकून ठेवावे. आम्ही स्वतःला वगळत नाही.

आता विणेकऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. प्लोटिनसच्या पोथीत शोधले, तर उत्तर कडू आहे. तो लिहितो की कर्म ही चिंतनाची सावली. ज्याला चिंतन झेपत नाही तो हातांनी काही करू पाहतो. म्हणजे आईची पेज करणे ही सावलीच म्हणायची! पण त्याचे चरित्र त्याच्या शिष्याने, पॉर्फिरीने लिहून ठेवले आहे, ते निराळेच बोलते. रोममधली थोर घराण्यातली माणसे मरताना आपली मुले-मुली या विरक्ताच्या हवाली करीत. त्याचे घर पोरक्या लेकरांनी भरलेले असे. त्यांच्या इस्टेटीचे हिशेब तो बारकाईने तपासी. म्हणे, ही मुले तत्त्वज्ञानी होईपर्यंत त्यांचे उत्पन्न त्यांना मिळालेच पाहिजे. एका मुलाने रचलेले तो पुन्हा पुन्हा ऐकून घेई. भांडणे तोडायला लोक त्याच्याकडे येत. सव्वीस वर्षांत त्याने एकही वैरी जोडला नाही. ज्याला देहाचीच लाज वाटे, जो आपली तसबीर काढू देत नसे, तो दुसऱ्याच्या लेकरांच्या जमाखर्चात पैचीही चूक होऊ देत नव्हता! लिहिले एक, वागला दुसरे. आम्ही तर वागण्याचीच साक्ष खरी धरू. पॉर्फिरी सांगतो की या सगळ्या व्यापातही त्याचे आतले अनुसंधान जागेपणी कधी सुटत नसे. आणि पॉर्फिरी जवळ असताना त्याला त्या एकाचे ऐक्य चार वेळा लाभले. हिशेब तपासणाऱ्या माणसाला, बरे का!

एकदा अमेलियस नावाचा भाविक शिष्य त्याला देवळांतल्या उत्सवांना चला म्हणाला. प्लोटिनसने उत्तर दिले की त्यांनी माझ्याकडे यावे, मी त्यांच्याकडे जाणार नाही. शिष्य चपापले, अर्थ विचारण्याचा धीर कोणाला झाला नाही. वारकऱ्याला इथे एकदम वीट दिसते. आम्हांलाही दिसली. पण प्रामाणिकपणे सांगायचे, तर तो बोलला उत्सवांतल्या लहानसहान देवतांविषयी. त्याचे ते 'एक' कोणाकडे येत नाही. कोणासाठी तिष्ठत नाही. सूर्य प्रकाशतो, पण कोणाची वाट पाहत नाही. पुंडलिकाचा देव दाराशी आला, आणि थांब म्हटल्यावर थांबला. एवढ्या एका ठिकाणी आपली आणि त्याची वाट फुटते, आणि ही फूट लहान नाही.

हीच उणीव एका मोठ्या माणसाला जाणवली. प्लोटिनसचा विचार पुढे दूरवर गेला. अथेन्समध्ये प्रोक्लसने तो शास्त्रासारखा बांधला. ५२९ साली जस्टिनियन बादशहाने तिथले अध्यापन बंद पाडले. नवव्या शतकात बगदादेत त्याच्या ग्रंथाचा काही भाग ॲरिस्टॉटलच्या नावावर अरबीत उतरला आणि मुसलमान तत्त्वज्ञांनी तो तसाच वाचला. १४९२ साली फ्लॉरेन्समध्ये फिचिनोचे लॅटिन भाषांतर छापून निघाले. पण आम्ही सांगतो आहोत ते ऑगस्टीनविषयी. ३८६ साली मिलान शहरी या परंपरेची पुस्तके त्याच्या हाती पडली आणि आत वळायचे कसे ते त्याला त्यांतून कळले. तरी तो लिहितो की मुक्कामाचे ठिकाण त्यांत दिसले, पण देव देह धरून आपल्याकडे आला, हे कुठे सापडले नाही. त्याने ख्रिस्ताची वाट धरली.

पुढच्याच वर्षी, ३८७ साली, तो आई मोनिकेसह ओस्तिया बंदरात गलबताची वाट पाहत होता. दोघे खिडकीशी टेकून उभी होती, खाली परसातली बाग. बोलता बोलता दोघांची मने देह, आकाश, तारे, आपापले जीव, सारे ओलांडून क्षणभर त्या परतत्त्वाला शिवून आली. चढण प्लोटिनसचीच. पण प्लोटिनसच्या पोथीत ती एकट्याने चढायची असते. इथे आई बरोबर होती. तत्त्वज्ञान शिकला होता तो मुलगा. आईची शिदोरी म्हणजे प्रार्थना, आणि मुलासाठी वर्षानुवर्षे गाळलेले अश्रू. नंतर थोड्याच दिवसांत तिला ताप भरला आणि छप्पन्नाव्या वर्षी तिने तिथेच देह ठेवला.

हे सारे आम्ही विणेकऱ्याला सांगितले. त्याने मन लावून ऐकले. मोनिकेचे नाव मात्र त्याने दोनदा विचारून घेतले. मग आतून हाक आली, आणि आईला पेज भरवायची वेळ झाली म्हणून तो उठला.