जरा आणि पौरुष

वार्धक्य आलें म्हणजे पौरुष ओसरलें, ही समजूत फार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील पहिले दोन अध्याय अनुक्रमें रसायनाचे व वाजीकरणाचे आहेत. जरा दूर ठेवणें आणि पुरुषशक्ति राखणें हे दोन प्रश्न आमच्या वैद्यांनीं एकमेकांस लागूनच ठेवले. पश्चिमेसहि तोच ध्यास होता. १८८९ सालीं पॅरिस येथें ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या शरीरशास्त्रज्ञानें प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला व आपली शक्ति परतल्याचें जाहीर केलें. पुढें तो भ्रमच ठरला.

बळ टिकावें असें वाटण्यांत पाप नाहीं. प्रश्न इतकाच कीं, त्याची किंमत कोणीं द्यावयाची? महाभारतांतील ययातीनें ती पुत्राकडून घेतली. पुरूचें तारुण्य बापानें भोगलें. देवलांच्या ‘संगीत शारदा’ या १८९९ सालच्या नाटकांतील भुजंगनाथ ती एका कोवळ्या मुलीकडून घेऊं पाहतो. प्रेक्षक त्या थेरड्यास हंसले. परंतु बालविवाहास आळा घालणारा शारदा कायदा होण्यास १९२९ साल उजाडावें लागलें. या दोघांचा दोष वयाचा नव्हे. दुसऱ्याच्या आयुष्यावर आपलें पौरुष पोसण्याचा आहे.

याउलट धोंडो केशव कर्वे पाहा. त्या विधुरानें १८९३ सालीं कुमारिकेशीं नव्हे, विधवेशीं विवाह केला. ५८ व्या वर्षीं महिला विद्यापीठ स्थापिलें, आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याच कार्यासाठीं परदेश पालथे घातले. त्यांचें वार्धक्य तरुणांनीं पोसलें नाहीं. त्यानेंच तरुणींस पोसलें.

हा प्रश्न पोथींतला नव्हे. पुण्याजवळच्या तळवडे गांवीं ज्या रानांत बापानें नांगर धरला, तेथें आज कारखाने व संगणकाच्या कचेऱ्या आहेत. नांगर सुटला, कमाई मुलाच्या हातीं गेली. मग सुनेनें नोकरी करावी कीं नाहीं, नातीनें किती शिकावें, याविषयींचा शेवटचा शब्द तरी आपलाच असावा, असें वृद्धास वाटूं लागतें. तें स्वाभाविक आहे. पण ययातीसहि तें स्वाभाविकच वाटलें होतें.

पूर्वजांनीं धर्म, अर्थ, काम व मोक्ष यांस ‘पुरुषार्थ’ म्हटलें. त्यांतील शेवटच्या शब्दाचा धात्वर्थच सोडणें असा आहे. ययातीनेंहि अखेर पुत्राचें तारुण्य परत केलें, आणि त्याचें खरें पौरुष आम्हांस त्याच क्षणीं दिसतें. पन्नाशी उलटलेल्या आम्हां पुरुषांनीं तेवढें तरी त्याच्यापासून शिकावें, आणि त्याच्याइतका उशीर लावूं नये.