विहिरीत पडलेला कोणाचा?



शब्बाथ दिवशी एका परूश्याच्या घरी प्रभू येशूने जलोदराच्या रोग्याला बरे केले आणि जमलेल्यांना विहिरीत पडलेल्या जिवाविषयी प्रश्न विचारला (लूक १४:१-६). येथे भाषांतरकाराची लेखणी अडखळते. काही प्राचीन हस्तलिखितांत ‘मुलगा किंवा बैल’ असे आहे, तर इतर काहींत ‘गाढव किंवा बैल’. पहिला पाठ स्वीकारला, तर प्रभूने लेकरू आणि जनावर एकाच वाक्यात, एकाच विहिरीत ठेवले आहे. दोघांनाही तत्काळ वर काढावयाचे आहे. वार पाहावयाचा नाही.

ही शिकवण आपल्या मातीलाही परकी नाही. कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव तंजावरच्या शहाजीराजे भोसल्यांनी १६९३ साली विद्वानांना दान दिले. तेथील श्रीधर अय्यावाळ यांनी श्राद्धाच्या दिवशी, पुरोहितांसाठी रांधलेले अन्न दारी आलेल्या भुकेल्या अस्पृश्याला वाढले. त्याबद्दल त्यांना गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगण्यात आले, तेव्हा गंगा त्यांच्याच विहिरीत प्रकटली, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ आजही कार्तिक अमावास्येला लोक त्या विहिरीवर स्नानास जमतात. तिथीपेक्षा भूक मोठी, हे त्या गावाने स्मरणात ठेवले आहे.

परंतु प्रभूच्या प्रश्नात आणखी एक शब्द आहे : ‘कोणाचा?’ बैलाला धनी असतो. धन्याला त्याची किंमत ठाऊक असते. गावकुत्र्याला धनी नाही, आणि बाजारात त्याला मोलही नाही. मग त्याच्यासाठी विहिरीत कोणी उतरावे?

उतरणारे आहेत. सांगली भागात २००३ पासून ‘अॅनिमल राहत’ ही संस्था प्रामुख्याने साखर कारखान्यांच्या बैलांसाठी झटत आहे; तिचे कार्यकर्ते कठडा नसलेल्या विहिरींत पडलेली कुत्रीही बाहेर काढतात. बुजलेले कुत्रे वाचवणाऱ्यालाच चावू शकते, तरी ते उतरतात. ज्याला धनी नाही त्याचा धनी परमेश्वर आहे. पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही त्याचेच आहे, असे स्तोत्रकर्ता सांगतो (स्तोत्र २४:१).

कोणी म्हणेल, “कुत्रा चावून लेकरू दगावले तर?” हा प्रश्न रास्त आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाहीच. म्हणूनच मुलगा आणि बैल एकत्र उच्चारणारे ते वाक्य ध्यानात धरा. गोव्यात कुत्र्यांना व्यापक प्रमाणावर लस टोचण्यात आली, आणि २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षांत तेथे रेबीजने एकाही माणसाचा मृत्यू नोंदला गेला नाही. कुत्र्याला टोचलेली सुई लेकराचे रक्षण करते. २०२३ चे केंद्रीय नियमही निर्बीजीकरण व लसीकरण यांवरच भर देतात.

तेव्हा वाचकहो, एखाद्या रविवारी उपासनेनंतर जवळच्या प्राण्यांच्या आसऱ्याला भेट द्या. खरुजेने केस गळालेले, तीन पायांवर लंगडत येणारे कुत्रे पाहून नाकाला रुमाल लावू नका. तेथील माणसांना जुनी पांघरुणे द्या, लशीचा खर्च द्या, तासभर आपले दोन हात द्या. आपल्याच दाराशी पडलेल्या लाजराजवळ श्रीमंत आला नाही. कुत्री मात्र आली. आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत, हे ज्याने त्याने आपल्या अंतःकरणाला विचारावे.