घाईत गोठलेला दगड

साखरेचा पाक दिवसेंदिवस स्वस्थ ठेवला तर खडीसाखर जमते. तोच कडक करून ताटात ओतला की त्याची काच होते. ज्वालामुखीच्या रसाचेही असेच दोन स्वभाव. सत्तर टक्क्यांहून अधिक सिलिका असलेला लाव्हा इतका चिकट असतो की थंड होताना त्यातल्या अणूंना रांगा धरायला उसंतच मिळत नाही. तो गोठतो तो ऑब्सिडियन होऊन. बहुधा काळा, पण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, ग्लास ब्यूट्सच्या टेकड्यांत, काळ्यात तांबूस-तपकिरी पट्टे मिसळलेलाही सापडतो. त्याला महोगनी ऑब्सिडियन म्हणतात.

गंमत अशी की त्यातला काळाही लोखंडाचा आणि तांबडाही लोखंडाचाच. मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण काचेला काळी करतात. तापलेल्या रसाला जिथे प्राणवायू भेटला, तिथे तेच लोखंड हेमॅटाइट होते. आपल्या गेरूला रंग येतो तो याच द्रव्यामुळे. वाहत्या लाव्ह्याची साल तडकते, तिचे तांबारलेले तुकडे पुन्हा रसात ओढले जातात, ताणले जातात, आणि मग सारे जागच्या जागी थिजते. जवाहिऱ्याच्या पेटीतल्या मण्यावर दिसते ती या ओढाताणीची नोंद. बाजारात हाच मणी ‘संरक्षक खडा’ म्हणून विकला जातो. त्याची खरी हकिकत त्याहून कितीतरी सरस आहे.

मला ओढ वाटते ती त्याच्या अपुरेपणाची. स्फटिकच नाहीत, त्यामुळे फुटताना भेगेला वळवणारे आत काही नसते. भंग शंखाभ, म्हणजे शिंपल्यासारखा वळणदार, होतो आणि धार काही नॅनोमीटरपर्यंत बारीक निघते. मेक्सिकोच्या अॅझ्टेकांनी ऑब्सिडियनची पाती केली, लाकडी शस्त्रांच्या कडेला बसवली, आणि घासून आरसेही केले. त्यांच्या तेझ्कात्लिपोका या देवाच्या नावाचा अर्थच ‘धुरकट आरसा’. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा सल्लागार जॉन डी याच्या नावाने ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला काळा आरसा मूळचा मेक्सिकोतल्या पाचुकाचा, हे २०२१ साली रासायनिक तपासणीतून दाखवले गेले. कोरणाऱ्याला मात्र हा दगड लहरी वाटतो. काठिण्य जेमतेम ५ ते ५.५, हवेतली क्वार्ट्झची धूळसुद्धा त्याला ओरखडते. तेव्हा अंगठीपेक्षा गळ्यातल्या पदकाला तो बरा.

महाराष्ट्रातला सह्याद्री जवळजवळ सारा लाव्ह्याचाच, तरी तिथे याची खाण नाही. तिथला खडक बेसाल्ट, आणि त्यात सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास. तो रस पातळ, दूरवर पसरणारा आणि सहज स्फटिकणारा. त्याच्या पोकळ्यांत मागाहून अकीक आणि कॅल्सेडनी साचली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी पाती काढली ती कॅल्सेडनीची.

आणि ही काचही काच म्हणून कायम टिकत नाही. राहून गेलेले स्फटिक कोट्यवधी वर्षांत आतून हळूहळू उगवतात. म्हणूनच फार प्राचीन ऑब्सिडियन विरळा. त्याआधी पृष्ठभागातून पाणी आत मुरते. माणसाने पाते काढले की ताजा पृष्ठभाग उघडा पडतो आणि तिथून हे मुरणे नव्याने सुरू होते. १९६० साली अर्व्हिंग फ्रीडमन आणि रॉबर्ट स्मिथ यांनी मायक्रॉनमध्ये मोजायच्या या थरावरून हत्याराचे वय काढण्याची रीत मांडली. पण मुरण्याचा वेग तापमानावर आणि काचेच्या घडणीवर ठरतो. ओरेगनच्या थंड पठारावरचा हिशेब मेक्सिकोच्या उष्ण खोऱ्यातल्या पात्याला लावता येत नाही. प्रत्येक जागेचे गणित वेगळे मांडावे लागते.