मीठ कमी आहे, हे कोणी सांगायचं?

रमजानमध्ये आमच्या घरी एक प्रसंग रोज घडतो. तुमच्याही घरी घडत असेल. अस्रनंतर मी इफ्तारीच्या तयारीला लागते. रोजा असल्यामुळे चव पाहता येत नाही. मग आठ वर्षांच्या मुलीला हाक मारते, तिच्या तळहातावर चमचाभर सालन ठेवते आणि म्हणते, "नमक देख." ती चाटते आणि बिनधास्त सांगते, "कम है." मी मीठ घालते. तिला सांगताना संकोच वाटत नाही, मला ऐकताना राग येत नाही.

याच मुलीचा हात मागच्या हिवाळ्यात मी एका हॉटेलात टेबलाखाली दाबला. ती खरं बोलणार होती, म्हणून दाबला. त्या दाबलेल्या हाताविषयी मला थोडं बोलायचं आहे.

हॉटेल माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरीला लागले त्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी तो आठवीत होता. अभ्यासात साधारण, पण शाळेच्या सहलीत पुलाव करायची वेळ आली की सगळ्यांत पुढे. वडील एसटीत चालक होते. त्यांच्या निवृत्तीच्या फंडातले पैसे घालून त्याने नांदेडात हॉटेल काढलं. पाटीवर 'खास दखनी खाना' असं लिहिलं. त्याचं आणि हॉटेलचं नाव इथे घेत नाही. कारण पुढे कळेलच.

'दखनी' या शब्दानं आम्ही हुरळून गेलो होतो. दखन म्हणजे दक्षिण. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. आमच्या आजी-आजोबांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. लग्नाचा बस्ता तिकडचा, दवाखाना तिकडचा आणि जेवणाची चवही तिकडची. बिर्याणीची हॉटेलं आमच्या शहरात पुष्कळ आहेत. पण बघारे बैंगन, मिर्ची का सालन, खट्टी दाल, डबल का मीठा हे सगळं घरच्या पद्धतीनं एका ठिकाणी मिळेल, असं तो म्हणत होता. माझ्या सासूबाईंचं माहेर हैदराबादचं. बऱ्याच वर्षांनी त्या बाहेर जेवायला तयार झाल्या.

आधी कच्च्या यखनीच्या बिर्याणीबद्दल दोन शब्द सांगते, कारण पुढच्या विचाराला त्यांचा उपयोग आहे. यात मटण आधी शिजवत नाहीत. दही, तळलेला कांदा, आलं-लसूण, कच्ची पपई लावून ते मुरवतात. तांदूळ अर्धवट उकडून त्याचे थर वर लावतात, कणकेनं झाकण बंद करतात आणि दम देतात. आधी मोठी आच, मग मंद. खालचं मटण आणि वरचा भात एकाच वेळी तयार व्हायला हवा. मध्येच झाकण उघडून पाहायची सोय नाही. एकदा कणीक लागली की पकवणारा अंदाजावर चालतो. काय झालं ते खाणाऱ्यालाच कळतं.

त्या रात्री आमच्या ताटात आलेल्या बिर्याणीला कणीक लागलीच नव्हती. भात वेगळा, मटण वेगळं, वरून केशरी रंग आणि तळलेला कांदा. बघाऱ्या बैंगनातलं शेंगदाणे, तीळ, खोबऱ्याचं वाटण नीट भाजलेलं नव्हतं. चिंच कच्ची लागत होती आणि वांगी आतून कडक होती. पाव तुपात तळून पाकात आणि दुधात मुरवला तर तो डबल का मीठा. इथे गोड दुधात भिजलेला पाव होता. एक खट्टी दाल मात्र अप्रतिम. लसूण, लाल मिरची आणि कढीपत्त्याचा बघार असा बसला होता की सासूबाईंनी ती दोनदा घेतली.

तो स्वतः टेबलापाशी आला. हात पुसत, घामाघूम. "टीचर, कैसा लगा?"

मुलगी म्हणाली, "बैंगन तो कच्चे..." आणि मी तिचा हात दाबला. "बहुत अच्छा, बेटा," मी म्हणाले. माझ्या पतींनी मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, "हौ, अच्छाच है." दखनीत आलेला हा मराठीचा 'च' जोर द्यायचा असतो, पण त्या रात्री तो फार अशक्त होता. त्याने अभिप्रायाची वही पुढे केली. मी लिहिलं, 'जेवण उत्तम. दुआ आणि शुभेच्छा.' खाली सही केली.

मग आम्ही ऑटोत बसलो आणि बोलायला लागलो. भात असा, मटण तसं, एवढ्या पैशांत घरी दोन वेळा झालं असतं, याला हॉटेल कोणी काढायला सांगितलं! मुलगी ऐकत होती. म्हणाली, "तो भैया को क्यों नहीं बोले?" मी म्हटलं, "उनको बुरा लगता." ती म्हणाली, "मैं नमक कम बोलती तो तुमको बुरा लगता क्या?"

मला उत्तर सुचलं नाही.

जेवणाला नाव ठेवू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. हुजूर पैगंबर (स.) यांनी कधी अन्नाला नाव ठेवलं नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर बाजूला ठेवलं, अशी हदीस प्रसिद्ध आहे. माझ्या 'बहुत अच्छा'मागे मी हीच हदीस उभी करत होते. पण नीट पाहिलं तर तिच्यात खोट्या स्तुतीला जागा नाही. तिथे मौन आहे. आम्ही समोर खोटी तारीफ केली आणि पाठीमागे भरभरून नावं ठेवली. म्हणजे दोन्ही बाजूंनी ती शिकवण सोडली आणि वर तिचंच नाव घेतलं.

या हदीसवर जुन्या उलेमांनी बारकाईनं विचार केला आहे. हाफिज इब्न हजर अस्कलानी (मृत्यू १४४९) यांच्या 'फत्हुल बारी'त एक मत नोंदवलेलं आहे. दोष पदार्थाच्या मूळ निर्मितीत असेल तर तो काढू नये, कारण ती अल्लाहची करणी. पण दोष बनवण्यात असेल तर काढायला हरकत नाही, कारण ती माणसाची कारागिरी. इब्न हजर यांना स्वतःला हे मत पटत नाही. त्यांच्या मते दोन्ही टाळावं, कारण त्यानं बनवणाऱ्याचं मन मोडतं.

मी या दोन मतांमध्ये बरेच दिवस अडकले होते. घरात दिवसभर चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला ताटावर बसून 'खारट झालंय' म्हणणारे पुरुष मी पाहिले आहेत. तिथे इब्न हजर यांचा शब्द मला शंभर टक्के पटतो. पण जो माणूस स्वतः येऊन विचारतो आणि ज्याची रोजी त्या उत्तरावर अवलंबून आहे, त्याचं मन कशानं मोडेल? आज खरं ऐकून की सहा महिन्यांनी कुलूप लावताना?

खोटं बोलावं का, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फार मोठ्या प्रसंगांवर घासून पाहिला आहे. खुनी माणूस दारात येऊन तुमचा मित्र कुठे लपला आहे असं विचारतो, तेव्हाही खोटं बोलू नये, असं जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९७ साली लिहून गेला. इमाम गझाली त्याच्या कितीतरी आधी उलट सांगतात : निरपराध माणसाचा जीव वाचत असेल तर खोटं बोलणं कर्तव्यच ठरतं. मी गझालींच्या बाजूची आहे. पण माझ्या दारात कोणी खुनी उभा नव्हता. जीव वाचवण्यासाठी मिळालेली सवलत मी कच्च्या वांग्यावर खर्च केली. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मी त्याचं मन वाचवत नव्हतेच. समोरचा तो एक अवघड मिनिट मला नको होता. मुरव्वत या सुंदर शब्दाखाली आपण पुष्कळदा आपला भित्रेपणा झाकतो.

हे हॉटेलपुरतंही नाही. शाळेत मुलांच्या वर्णनात्मक नोंदी करताना आम्ही 'सुधारणेस वाव आहे' असं लिहितो. ज्याला वाचताच येत नाही त्याच्यापुढेही तेच, ज्याचं अक्षर वाईट त्याच्यापुढेही तेच. बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन शिकवलं होतं : आधी नेमकं कुठे अडतं ते शोधा, मग तेवढंच शिकवा. 'छान'मध्ये निदान नसतं, म्हणून उपचारही नसतो. आपल्या मुशायऱ्यांत आणि संमेलनांतही हेच चालतं. 'आपलाच माणूस आहे, सांभाळून घ्या' म्हणून दाद द्यायची आणि चहाच्या टेबलावर त्याची खिल्ली उडवायची. सांभाळून घेतलेला माणूस तिथेच राहतो.

तीन आठवड्यांनी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मी एकटी गेले. आधी खट्टी दालीचं सांगितलं. मग भात, वाटण, पाव. काय चुकलं आणि आमच्या सासूबाई ते कसं करतात, तेही. त्याचा चेहरा पडला. थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग जे म्हणाला ते मी विसरणार नाही. "टीचर, उस दिन क्यों नहीं बोले?" त्याने वही काढून दाखवली. पानंच्या पानं 'मस्त', 'लाजवाब', 'उत्तम'. लिहिणारे बहुतेक पुन्हा आले नव्हते. आपलं काय चुकतंय ते त्याला कळत नव्हतं. कळणार तरी कसं? झाकण लावलेलं, आणि आत काय झालं ते ज्यांना माहीत होतं ते सगळे 'उत्तम' लिहून गेले होते.

मी म्हटलं, माझं ते पान फाडून टाक. तो म्हणाला, "रहने दो." मग मी त्याच पानावर खाली तारीख घालून दुसरा अभिप्राय लिहिला, या वेळी खरा.

त्याचं हॉटेल चालेल की नाही, ते माझ्या हातात नाही. त्याला माझं बोलणं लागलं असेल, आणि त्याबद्दल मला वाईटही वाटतं. पण परवा मुलीनं घरी पहिल्यांदा चपात्या केल्या आणि विचारलं, "कैसी है?" तिच्या डोळ्यांत पाहून मी म्हणाले, "किनारे कच्चे हैं, बेटा. तवा थोडा और गरम होने दे."

तिनं तवा पुन्हा ठेवला.